गससाठी सपाट जमीन

७ फेब्रुवारी

गस पडला. काचेच्या पेटीतल्या ओंडक्यावरून सरळ खाली, पाठीवर. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. धप्प आवाज झाला म्हणून धावले, तर हा पोट वर करून पडलेला. पुढचे पाय हवेत हलताहेत, मागचे नाहीत. नॉरिसला हाक मारली.

नॉरिसनं येऊन त्याला सरळ केलं. "फारसं लागलं नाही," म्हणाला. घराला आग लागली तरी माझा नवरा "जरा उकडतंय" एवढंच म्हणेल.

गस आमचा सरडा. बिअर्डेड ड्रॅगन जातीचा, मूळचा ऑस्ट्रेलियातला, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. आमच्या मुलानं, एरिकनं, तो आणला तेव्हा एरिक तेरा वर्षांचा होता आणि गस बोटाएवढा. म्हणजे गस आता चौदाच्या घरात आला. या जातीत म्हणजे नव्वदीचा म्हातारा. एरिक डिसेंबरात तळ्यावरचा बर्फ फुटून खाली गेला, त्याला आठ वर्षं झाली. त्याच्या हातचं खाल्लेला, त्याच्या छातीवर पसरून झोपलेला जीव या घरात एवढा एकच उरलाय. गस गेला तर काय करायचं, हा विचार मी आजवर मनाच्या दाराशीही उभा केला नव्हता. आज तो घरात घुसला.

आजारी जनावराचं लिहून ठेवावं म्हणतात. धान्याच्या गोदामवाल्यांनी नाताळात दिलेली डायरी कोरीच पडली होती, तीत लिहितेय. बाहेर उणे तीस.

९ फेब्रुवारी

इंटरनेटवर सरडे पाळणाऱ्यांचा एक गट आहे, तिथं विचारलं. टेक्ससच्या एका बाईनं लगेच लिहिलं, "अधू सरड्याला वाळू म्हणजे विष. पाय रुततात, तोंडात जाते, आतडी तुंबतात. सगळी काढून टाका. जमीन सपाट करा, खरखरीत करा." आणि वर विचारते, नर आहे की मादी? गस नावाची बाई कुणी पाहिलीय? मी त्याला उत्तरच दिलं नाही.

लगेच कामाला लागले. काचेच्या पेटीतली सगळी वाळू बादल्यांनी उपसली. नॉरिस दारात टोपी घालून उभा होता.

"थोडी राहू दे की एका कोपऱ्यात."

"कशाला?"

"उकरायला बरी."

"त्याचे मागचे पाय धड चालत नाहीत नॉरिस, तो उकरतोय कसला?"

"बरं," म्हणाला आणि गेला. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनपासून वाळू चाळून साफ करायचं काम त्याचंच होतं. मला कधी हात लावू दिला नाही. आता ते काम सुटलं म्हणून वाईट वाटलं असेल बिचाऱ्याला.

१२ फेब्रुवारी

पेटी झाली! खाली पाटीच्या दगडाच्या फरश्या, त्यावर ड्रॉवरमध्ये अंथरतात तो खडबडीत रबर. एरिकनं तळ्याकाठून आणलेला ओंडका काढायला मी तयार नव्हते, म्हणून नॉरिसनं तो आडवा करून जवळजवळ जमिनीला टेकवला. वर जायला देवदाराच्या फळीचा उतार केला आणि पाय अडकायला त्यावर बारीक पट्ट्या ठोकल्या. ऊन खायची जागा खाली आली म्हणून उबेचा दिवाही खाली आणला, पण चटका बसेल असं थर्मामीटर सांगू लागला तेव्हा पुन्हा थोडा वर घेतला. दोन्ही कुशींना टेकू द्यायला टॉवेलच्या गुंडाळ्या. पाण्याला मुरंब्याच्या बरणीचं झाकण, म्हणजे मान उंचवायला नको. शाळेच्या स्वयंपाकघरात मी जन्म काढला, तिथंही इतकं चकाचक काही नव्हतं.

जेवणानंतर नेहमीसारखी पेटीशी खुर्ची ओढून बसले आणि गसला एरिकच्या गोष्टी सांगितल्या. खायला घालताना एरिक दोन सुरांची शीळ घालायचा आणि गस जिथं असेल तिथून पळत यायचा. ती शीळ मी अजून घालते, पण गस मानही वळवत नाही. चार हिवाळ्यांपूर्वी मी खुब्यासाठी हॉस्पिटलात होते, तेवढ्यात त्याला बहिरेपण आलं. गालावरचा काळा ठिपकाही पुसला गेला. भूक मात्र तेव्हापासून पोराटोरांसारखी वाढली. देव एका हातानं घेतो, दुसऱ्यानं देतो.

मी बोलत असते तेव्हा नॉरिस मागे कप विसळत असतो. दोन कपांना त्याला एवढा वेळ कसा लागतो, कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

गस दिवसभर कोपऱ्यातला रबर ओरबाडतोय. खरडतो, दमतो, परत खरडतो. मला वाटतं व्यायाम चाललाय. खाली खडबडीत जमीन मिळाल्यावर पायांत जोर आला असणार.

शेजारची डोलोरेस लिंबाच्या वड्या घेऊन आली. तिनं पेटीत डोकावून पाहिलं.

"अगं बाई, हा तर बोगदा खणतोय! ऑस्ट्रेलियाला पळून चालला वाटतं."

"व्यायाम करतोय तो."

"आणि हे पोट? माझ्या हॅरॉल्डचं असंच होतं. कमरेचा पट्टा पोटाखाली शोधायला लागायचा. नव्वदीत कुणाची पोटं सुटतात गं?"

म्हटलं, खरंच की. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय. माझंच चुकलं, लाडानं फार खाऊ घालते. उद्यापासून रातकिडे निम्मे.

नॉरिसनं कॉफी बशीत सांडली आणि उठून गॅरेजमध्ये गेला. डोलोरेस आली की तो जातोच.

१९ फेब्रुवारी

हद्द झाली! चर्चमधून घरी येते तो पेटीत माझा भांडी घासायचा टब, त्यात ओली वाळू, आणि त्या वाळूत गस खांद्यापर्यंत घुसलेला. मी किंचाळलेच.

"टेक्ससची बाई काय म्हणाली ते तुला वाचून दाखवलं होतं ना?"

"त्याला हवी होती गं."

"तुझ्या कानात येऊन सांगितलं त्यानं?"

नॉरिसनं टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "फार्गोच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवू या का?"

हा मला आणखी एक धक्का. इतकी वर्षं मी डॉक्टरचं नाव काढलं की हाच म्हणायचा, म्हाताऱ्या जनावराला कशाला त्रास. आणि आता, या थंडीत, दोन तासांचा रस्ता? वाटेतच मरेल, म्हणून मी साफ नाही म्हटलं. वाळू दारापुढच्या बर्फावर फेकली, निदान गाडी तरी घसरणार नाही. नॉरिस तिथं उभा राहून त्या वाळूकडे पाहत राहिला. माणसाला वाळूचा एवढा पुळका असतो हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

२३ फेब्रुवारी

सकाळी गसची दाढी काळी ठिक्कर पडलेली. डोळे मिटलेले, मागचे पाय चिंध्यांसारखे. दोन दिवसांत कणभर खाल्लं नव्हतं. मी नुसती खुर्चीत बसले. नॉरिस कोट चढवून आला, हातात मासे गार ठेवायचा पेटारा, आत आता गरम पाण्याची पिशवी. "चल," म्हणाला. मी गसला टॉवेलात गुंडाळलं.

दोन तासांनी फार्गो आलं. दवाखान्याशी गाडी उभी केली, पण इंजिन बंद करेना.

"आर्डिस, आत ती डॉक्टरीण काहीही म्हणाली तरी..."

"तरी काय?"

"परत येताना रस्ता निसरडा असेल. लवकर निघायला हवं."

पुढचं कसं लिहू ते कळत नाही. झालं तसं लिहिते.

डॉक्टर ओयेन म्हणजे एक लहानखुरी पोरगी. तिनं एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. पोटभर गोल गोल डाग. मी नॉरिसकडे वळून म्हटलं, "बघ! तुझी वाळू!"

"वाळू नाही," डॉक्टर म्हणाली. "अंडी आहेत."

"कुणाची?" मी विचारलं. खरंच असं विचारलं.

"हिची. नराशिवायही मादी अंडी धरते. पोकळ असतात ती, पण घालावी तर लागतात ना. त्यासाठी खोल, ओली वाळू हवी. नाही मिळाली तर ही अंडी अडवून धरते. कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम जातं, पाय लुळे पडतात. उकरत होती का हो ही?"

मी म्हटलं, "गस नर आहे. चौदा वर्षांचा आहे."

"पाच-सहा वर्षांची असेल, फार तर. चौदाव्या वर्षी हाडं अशी दिसत नाहीत."

मला हसू आलं. म्हटलं, तुमच्याकडे फोटोंची अदलाबदल झालीय, दुसऱ्या कुणाचा तरी लावलाय. आणि नॉरिसनंही हसावं म्हणून त्याच्याकडे पाहिलं. तो दोन्ही हातांत टोपी धरून टोपीत बघत होता.

२४ फेब्रुवारी

तिला दवाखान्यात ठेवून काल परतताना गाडीत तो बोलला. नजर रस्त्यावर ठेवून. त्याचेच शब्द लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की स्वप्न होतं.

"तू हॉस्पिटलात होतीस. वादळ आलं, वीज गेली, रस्ते बंद झाले. मी तुझ्यापाशीच अडकलो. घरी पोचलो तर नळ फुटलेले आणि तो पेटीत कडक झालेला. तुला तेव्हा उभंही राहता येत नव्हतं. रोज फोनवर पहिलं विचारायचीस, गस जेवला का. मी म्हटलं, जेवला."

"मग?"

"मग जेवणारा आणावा लागला."

फार्गोत सरड्यांची जत्रा भरते, तिथून आणली. दिसायला तशीच बघून. नर-मादी त्याला कुठं कळतंय! गेल्या वसंतात वाळू चाळताना अंडी सापडली तेव्हा कळलं.

"आणि तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तोवर फार उशीर झाला होता."

म्हणजे याला माहीत होतं! मी वाळूच्या बादल्या उपसत होते आणि हा दारात उभा राहून म्हणाला, थोडी राहू दे. थोडी राहू दे म्हणे! आमच्याकडची माणसं बुडतानाही "पाणी जरा गार आहे" म्हणतील, पण यानं तर एका जिवाला डोळ्यांदेखत मरणाच्या दारात जाऊ दिलं. आणि मी तिचा आहारही निम्मा केला.

"आपल्या गसचं काय केलंस?" मी विचारलं.

"फ्रीझरमध्ये ठेवला. मे महिन्यापर्यंत. जमीन गोठली होती, आर्डिस. माणसांनाही थांबवतोच की आपण."

ते खरं आहे. इथं हिवाळ्यात गेलेलं माणूस दफनभूमीच्या थंड खोलीत वाट बघतं. जमीन नरम झाली की मग त्याला पुरायचं. पण माझ्या फ्रीझरमध्ये! त्यातलेच मासे काढून मी पास्टरना तळून वाढले.

"गाडी थांबव," मी म्हटलं. त्यानं थांबवली. मी उतरले. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत बर्फाची शेतं, जायला कुठंच नाही. नाक गोठायला लागलं तेव्हा परत आत बसले.

२५ फेब्रुवारी

पेटीशी ओढलेली खुर्ची टेबलाशी परत नेऊन ठेवली.

चार वर्षं मी एका परक्या बाईला माझ्या मुलाच्या गोष्टी सांगत बसले. ती बहिरी नव्हती. ती शीळ तिनं एरिककडून कधी ऐकलीच नव्हती.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन आला की घेऊन जा. मी म्हटलं, ती माझी कोणी नाही. नॉरिस एकटा जाऊन घेऊन आला.

कॅल्शियमची इंजेक्शनं दिलीत, अंगात पाणी भरलंय. आता घरी वाळूत अंडी घालते का ते दोन दिवस बघायचं. नाहीतर पोट फाडावं लागेल, आणि इतक्या अशक्त जनावराचं त्यात काही खरं नाही. हे सगळं नॉरिसनं भिंतीकडे बघत सांगितलं. मग पेटीतली माझी रबराची जमीन उचलली, फरश्या उचलल्या, फळीचा उतार काढला. एरिकचा ओंडका हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "काढ," मी म्हटलं. त्याच्याशी तीन दिवसांतला माझा पहिला शब्द.

तिच्याकडे एकदा पाहून आले. तेच डोळे, तीच दाढी. चार दिवसांपूर्वी हिच्यासाठी माझा जीव कासावीस होत होता. आता आत नुसता खडखडाट आहे. असं होऊ शकतं? याचीच मला जास्त भीती वाटली.

२७ फेब्रुवारी

दुपारी मी पेपर वाचायचं सोंग करत बसले होते. नॉरिस पेटीशी गुडघे टेकून टबातल्या वाळूत बोगदा करतोय आणि तो ढासळतोय. "अरे, अरे," असा आवाज येतोय. ती पुढच्या पायांनी चार वेळा उकरते आणि मागचं अंग कलंडतं. त्याचे जाड हात एका वेळी तिला तरी धरतील, नाहीतर वाळू तरी. तिसऱ्यांदा ढासळला तेव्हा माझ्यानं राहवेना.

"कोरडी वाळू ढासळणारच की, बावळटा! पाणी घाल. मुठीत दाबली की गोळा टिकला पाहिजे."

टबाची वाळू मी पुन्हा मळली, एका बाजूला उंच ढीग केला. सूप वाढायच्या डावानं काचेच्या कडेनं तिरका बोगदा कोरून दिला. भांडी पुसायच्या फडक्याची झोळी करून तिच्या पोटाखालून घेतली आणि दोन्ही टोकं नॉरिसच्या हातात दिली. मागचं अंग असं तोलून धरलं की पुढच्या पायांना खणायला मोकळीक. अंधार हवा म्हणून वरून पांघरूण टाकलं. आम्ही दोघं पांघरुणाखाली डोकी घालून बसलो. ती खणू लागली.

मग मी विचारलं, "शेवटी कुठं पुरलास त्याला?"

"एरिकपाशी. पायांकडे. तुझी फुलांची कुंडी ज्या सपाट दगडावर असते ना, त्याच्याखाली."

माझ्या हातातला डाव वाळूत पडला. दरवर्षी मेअखेर, इथं सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं नेतात त्या स्मृतिदिनाला, मी तिथं बसते. आणि उठताना एरिकला म्हणते, निघते रे आता, गस घरी एकटाच आहे.

"नॉरिस, मी तिथं काय म्हणते तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मी शेजारीच असतो."

"तुला एकदाही वाटलं नाही की सांगावं?"

"दरवेळी वाटलं."

झोळी एका बाजूला कलली. मी एक टोक घेतलं.

"एकट्यानंच पुरलास?"

"मग काय! एरिकच्या वेळीही एकटाच होतो. म्हणजे पास्टर होते. पण तसा एकटाच."

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. त्याला टोमणे येतच नाहीत. डिसेंबरातली प्रार्थना मला आठवते, चर्चच्या तळघरातली कॉफी आठवते, हातात हात देणारी माणसं आठवतात. मे महिन्यात जमीन नरम झाली आणि दफनाचा दिवस आला, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. नॉरिस कोट घालून माझ्या दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग गाडीचा आवाज आला. एवढंच मला माहीत होतं. तिथं त्यानं काय पाहिलं, काय केलं, हे मी आठ वर्षांत कधी विचारलं नाही.

"मूठभर माती टाकायची असते ना," मी म्हटलं. "टाकलीस?"

"दोन टाकल्या. एक तुझी म्हणून."

तेवढ्यात पहिलं अंडं आलं. पांढरं, मऊ, लिंबाच्या बीसारखं निमुळतं. मग दुसरं. मग येतच राहिली, एकाला एक चिकटून. मी मोजली नाहीत. त्यांच्यात काही नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तरी मी तोंडावर हात धरून बघत होते.

सगळी संपली तेव्हा तिचं पोट रिकाम्या मोज्यासारखं लोंबत होतं. आम्हाला वाटलं, आता पडेल. तर ती मोठ्या कष्टानं वळली आणि नाकानं वाळू लोटू लागली. खड्डा बुजवायला. मागचे पाय साथ देईनात. लोटलेली वाळू परत घरंगळून तिच्याच अंगावर येई. ती थांबे, दम खाई आणि पुन्हा लोटे.

मी हात आत घातला आणि मूठभर वाळू अंड्यांवर टाकली. तिनं मान वळवून पाहिलं, आणि डोक्यानं ती वाळू थापटली. नॉरिसनं झोळीचं टोक सोडलं, आणि त्यानंही टाकली. मग पुन्हा मी. अंडी दिसेनाशी झाली. खड्डा भरत आला.

"पुरे," नॉरिस म्हणाला. "झाकलं गेलं सगळं."

"अजून थोडी," मी म्हणाले.